डायलला हात लावायचा नाही

सिल्वासात मी सोळा वर्षं काढली. त्या सोळा वर्षांत माझी जेवढी भांडणं झाली, त्यातली निम्मी तरी घड्याळांच्या डायलवरून झाली असतील. कारखान्यात मोटार जळू दे, कंत्राटदाराची माणसं न येऊ देत, माझा आवाज फारसा चढत नसे. पण कुणी जुन्या स्विस घड्याळाचं डायल रंगवून आणलं की माझं डोकंच फिरायचं. बायको म्हणायची, "अहो, रंगवलं तर रंगवलं. त्याचं घड्याळ आहे, तुम्हाला काय त्याचं?" हे ऐकलं की ते आणखी फिरायचं.

मी मूळचा नाशिकचा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सिल्वासाजवळच्या राखोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात मेंटेनन्सला लागलो आणि सिल्वासात बिऱ्हाड केलं. करमाफी होती म्हणून मुंबईचे शेठ इथे शेड बांधत होते, आणि शेडमागोमाग आमच्यासारखे पुण्या-नाशिकचे इंजिनीअर आणि धुळे-नंदुरबारकडचे कामगार येत होते. मला इथे वेगळीच खाण सापडली. पोर्तुगीज अमदानीत दमणला परदेशी माल उतरायचा, आणि त्या काळात इथल्या बऱ्यापैकी घरांतून एकेक स्विस घड्याळ आलेलं होतं. चावीचं, आत सतरा ज्वेल म्हणजे बारीक खडे बसवलेलं, बाहेरून पोलादी केसचं. कचेरीतले कारकून, शिपाई, ताडीचे ठेकेदार, कुणाकुणाकडे ती होती. आणि आता ही सगळी मंडळी ती काढून सेलची घड्याळं बांधत होती. रोज चावी कोण देत बसणार, असं त्यांचं म्हणणं. दहा सेकंदांचं काम, पण त्याचाही यांना कंटाळा.

ती घड्याळं मी विकत घेतली, मागून घेतली, कुणाचा पंप दुरुस्त करून दिला आणि त्या बदल्यात घेतली. फराळाच्या पत्र्याच्या डब्यात मलमलीचे तुकडे घालून ठेवायचो आणि रोज एक मनगटावर चढवायचो. त्याचेही व्याप होते. मोठ्या मोटारींच्या जवळ गेलं की घड्याळातली केसासारखी स्प्रिंग चुंबकाने चिकटते आणि घड्याळ उधळल्यासारखं पुढे पळतं. म्हणून खात्यात शिरताना मी घड्याळ काढून गेटवरच्या वॉचमनकडे द्यायचो. तो ते स्वतःच्या हातात बांधून दिवसभर मिरवायचा. संध्याकाळी परत देताना रोज तोच प्रश्न, "साहब, इसमें सेल कौन सा लगता है?" सेल लागत नाही, चावी लागते, हे मी त्याला किमान शंभर वेळा सांगितलं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "साहब, सेल?"

जुन्या घड्याळाचं सगळं बदलता येतं. चाक बदला, स्प्रिंग बदला, काच नवी बसवा, चालतं. डायलचं तसं नाही. चाळीस वर्षांत त्याचा पांढरा रंग हळूहळू सायीवर येतो, मग बिस्किटावर येतो, आणि तो रंग कुठल्याही डबीत मिळत नाही. एकदा ते खरवडून वर नवा रंग मारला की संपलं. निदान माझ्यासारख्या माणसापुरतं तरी संपलं.

आणि सिल्वासातला घड्याळजी नेमकं हेच करायचा. बाजारात एका पानवाल्याला लागून त्याची काचेची पेटी होती आणि पेटीमागे तो, डोळ्याला भिंग लावून बसलेला. गुजराती माणूस, हात सोन्याचे, स्वभाव लोण्यासारखा. पण घड्याळ कशासाठीही द्या, अगदी पट्ट्याची पिन बसवायला द्या, ते डायल रंगवूनच परत यायचं. पांढरंफेक डायल, डांबरासारखे काळे आकडे, आणि केसला असली पॉलिश की सगळ्या कडा झिजून साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत. डायलं तो गठ्ठ्याने मुंबईला पाठवायचा. तिथला कारागीर रंग देऊन वर शिक्के मारायचा, कंपनीच्या नावासकट.

"अहो भाई, कशाला हात लावलात?" मी ओरडायचो.

तो भिंग कपाळावर सारून शांतपणे म्हणायचा, "साहेब, अंदर मी केटलुं काम केलं ते कोण बघणार? गिराक डायल बघतो. डायल जुनुं दिसलं तर बोलतो, याने काय पण नाय केलं."

तसं त्याचंही खरं होतं. लग्नसराईच्या आधी त्याच्या पेटीसमोर रांग लागायची. बापाचं घड्याळ मुलाला घालायचं तर ते रंगवून, चकचकीत करूनच घालायचं, अशी तिथली रीतच होती. जुनाट डायलचं घड्याळ घालून कुणी मांडवात उभं राहिलं तर लोकांनी नावं ठेवली असती. शेवटी त्याने माझ्या घड्याळांसाठी वेगळी पाकिटं केली आणि त्यांवर लाल शाईने गुजरातीत लिहून ठेवलं, की डायलला हात लावायचा नाही. पाकीट परत देताना त्याचा चेहरा मात्र पडलेला असायचा. काम अर्धवट ठेवून दिल्यासारखं त्याला वाटत असणार.

नरोलीला एक म्हातारे गृहस्थ होते. पोर्तुगीजांच्या कचेरीत शिपाई होते ते. त्यांच्याकडे एक घड्याळ होतं, खाली सेकंदाचा वेगळा छोटा काटा असलेलं, डायल अगदी मूळचं. ते बघायला मी कितीतरी रविवार नरोलीला गेलो. त्यांच्या विहिरीचा पंप नीट करून दिला, वायर बदलून दिली. शेवटी एकदा म्हणाले, "पुढच्या रविवारी या, घेऊन जा." तो आठवडा मला कसा गेला ते माझं मला ठाऊक. रविवारी गेलो तर त्यांनी नवा रुमाल उलगडला आणि आतून ते घड्याळ काढलं. लखलखीत. डायल पांढरंफेक, काट्यांना सोनेरी मुलामा, पट्टा नवाकोरा.

"रंगवून घेतलं," ते आनंदाने म्हणाले. "तुम्ही मोठे साहेब. तुमाला जुनुंपुराणुं कसं द्यायाचं? लाज वाटेल ना."

माझं तोंड उतरलं आणि ते त्यांनी पाहिलं. "आवडलं नाय?" त्यांनी विचारलं. मी "आवडलं, आवडलं," म्हटलं, पण ते ज्या सुरात म्हटलं त्यावरून लहान मुलालाही समजलं असतं. त्या माणसाने पदरमोड करून, बाजारापर्यंत दोन खेपा घालून मला मानाने एक वस्तू दिली होती, आणि मी स्कूटरवर घर येईपर्यंत त्याला मूर्ख, अडाणी म्हणत राहिलो. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांना निदान नीट नमस्कार तरी करून आलात का?" मी आलो नव्हतो. आणि तेव्हा मला त्याचं काही वाटलंही नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

आई गेली आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे राहायला आले. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. अण्णा तीस वर्षं बसडेपोत नियंत्रक होते, खिडकीत बसून गाड्या सोडायचे. लग्नात आमच्या आजोबांनी, आईच्या वडिलांनी, त्यांना एक स्विस घड्याळ घातलं होतं. त्या घड्याळात बघून ते शिट्टी फुंकायचे आणि ड्रायव्हर चहाचा कप तसाच ठेवून धावायचा. ते घड्याळ म्हणजे माझ्या अख्ख्या डब्याच्या वरचढ होतं. एकदाही न रंगवलेलं, सायीच्या रंगाचं डायल, त्यावर सोनेरी रेघेचे बारीक नाजूक आकडे. होतं ते अण्णांच्या हातात, पण माझ्या मनाने ते केव्हाच डब्यात ठेवून टाकलं होतं. हे मी कधी कुणाला बोललो नाही. बायकोला ते कळत होतं.

वर्षाभरात अण्णांना अंधूक दिसायला लागलं. वापीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. "गेलेली नजर परत येत नाही," त्यांनी मला आणि अण्णांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "आहे ती टिकवायची. त्यासाठी थेंब वेळेवर पडले पाहिजेत. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि झोपताना. यात हयगय चालणार नाही." सकाळचे आणि झोपतानाचे थेंब आमच्या देखत व्हायचे. बारा आणि सहाला घरात कुणी नसायचं. बायको शाळेत शिकवायची आणि तिथूनच शिकवण्यांना जायची, मी सातशिवाय घरी येत नसे. अण्णा म्हणाले, "तीस वर्षं मिनिटावर गाड्या सोडल्यात. चार थेंबांचं काय घेऊन बसलात?"

एका रविवारी मी डबा उघडून घड्याळांना चावी देत बसलो होतो. अण्णा शेजारी येऊन बसले. त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, खिडकीकडे वळवलं.

"अरे, याचे आकडे जरा ठळक करून मिळतील का? तो बाजारातला करतो म्हणे."

मी उडालोच. "अण्णा, तुमच्या हातात काय आहे याची तुम्हाला कल्पना आहे का?"

"घड्याळ आहे," अण्णा म्हणाले.

मग मी त्यांना पाऊण तास व्याख्यान दिलं. मूळ डायल म्हणजे काय, असं डायल आता कसं मिळत नाही, रंगवलं की घड्याळ कसं मातीमोल होतं. डब्यातली चार घड्याळं काढून दाखवली, हे रंगवलेलं बघा, हे न रंगवलेलं बघा. काचबिंदू झालेल्या माणसाला मी सायीच्या रंगातला आणि पांढऱ्या रंगातला फरक दाखवत होतो. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "बरं. मला आपलं वेळ दिसावी एवढंच होतं."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "द्या ना करून त्यांना. त्यांच्यापेक्षा ते डायल मोठं आहे का?" मी वैतागलो. या घरात कुणाला काही समजावून सांगायची सोय नाही, असं काहीतरी बोललो. दुसऱ्या दिवशी वापीहून मोठ्या आकड्यांचं सेलचं घड्याळ आणलं, माझ्या घरात आलेलं ते पहिलं सेलचं घड्याळ. अण्णांनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि टेबलावर ठेवलं. "हे तू घाल," म्हणाले. आईच्या माहेरचं घड्याळ काढून ते दुसरं घालणार नव्हते, आणि मी ते रंगवू देणार नव्हतो. बाप आणि मुलगा दोघेही हट्टी, आणि मला राग फक्त त्यांच्या हट्टाचा येत होता.

त्यानंतर अण्णांनी तो विषय काढला नाही. वेळही विचारेनासे झाले. उलट रविवारी बाराला मनगटाकडे बघून स्वतःच म्हणायचे, "चला, थेंबांची वेळ झाली," आणि वेळ बरोबर असायची. मला वाटलं, सवय झाली. मी बायकोला म्हटलंसुद्धा, "बघ, दिसतं त्यांना. उगाच रंगवायला निघाले होते." असं जवळजवळ दोन वर्षं चाललं.

आमच्या घरामागे एक कापडाचा कारखाना होता. सिल्वासात तेव्हा असे कारखाने जसे यायचे तसे जायचेही. करमाफीची मुदत संपली की शेठ मशिनं काढून दुसरीकडे न्यायचा. हाही बंद झाला. नंदुरबारकडची बरीच माणसं एका दिवसात घरी बसली. त्यातली दोघं आमच्याकडे कामाच्या चौकशीला आली, मी त्यांना आमच्या खात्यात लावून घेतलं, आणि माझ्यापुरता तो कारखाना संपला.

तीन महिन्यांनी अण्णांना तपासायला वापीला नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांतला दाब मोजला, पुन्हा मोजला. मग खुर्ची सरकवून विचारलं, "थेंब वेळेवर पडतायत का?"

"पडतायत," मी म्हटलं. "अण्णा अगदी घड्याळावर घालतात."

डॉक्टरांनी अण्णांकडे वळून पुन्हा विचारलं. तेव्हा अण्णा जमिनीकडे बघत म्हणाले, "भोंगा बंद झाला ना."

मला क्षणभर कळेना, कसला भोंगा. मग कळलं. मागच्या कारखान्याचा भोंगा बाराला व्हायचा आणि सहाला व्हायचा, रविवारीसुद्धा. दोन वर्षं अण्णा भोंग्यावर थेंब घालत होते आणि मनगटाकडे बघत होते ते आमच्यासाठी, माझ्यासाठी. भोंगा थांबल्यावर ते अंदाजाने घालू लागले. कधी दहाला घातले, कधी दोनला, ढगाळ दिवशी बहुधा विसरले. डॉक्टर म्हणाले, "बरंच नुकसान झालंय. उजव्या डोळ्याचं तर फारच."

बसमध्ये मी त्यांच्यावर चिडलो. हो, चिडलोच. "अण्णा, सांगायचं नाही का? एका शब्दाने बोलला असतात तर?" अण्णा खिडकीच्या गजावर हात ठेवून बसले होते. म्हणाले, "बोललो होतो की रे." मला माझाच इतका संताप आला होता की शेजारच्या माणसाने पाय लागला म्हणून माफी मागितली तर मी त्याच्यावरही खेकसलो.

सिल्वासाला उतरल्यावर अण्णांना घरी सोडलं आणि त्यांचं घड्याळ मागून घेऊन तसाच बाजारात गेलो. घड्याळजीने माझं पाकीट काढलं आणि सवयीने लाल शाईचं पेन उघडलं. मी म्हटलं, "लिहू नका. डायल रंगवायचं आहे. पांढरंफेक करा. आकडे जाड, काळे, जेवढे मोठे बसतील तेवढे मोठे."

त्याने भिंग लावून डायल पाहिलं. बराच वेळ पाहिलं. इतक्या वर्षांत माझं ऐकून ऐकून त्यालाही थोडं कळायला लागलं असावं. "साहेब, आ तो असल छे," तो हळूच म्हणाला. "ह्याला कशाला हात लावायचा? राहू द्या ना."

जगात माझ्या बाजूने बोलणारा पहिला माणूस मला त्या दिवशी भेटला, आणि मला त्याच्या पेटीची काच फोडावीशी वाटली. "रंगवा म्हणतो ना," मी म्हटलं. "वडिलांना दिसत नाही." त्याने घड्याळ पाकिटात घातलं. मुंबईला पाठवलेली डायलं एरवी महिन्याने यायची. हे घेऊन तो स्वतः गेला आणि आठव्या दिवशी परत आला. आकडे खरंच सुरेख काढून आणले होते, गाडीच्या पाटीवर असतात तसे भक्कम. मी त्याला मनापासून नमस्कार केला.

तो रविवार होता. अण्णा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. मी घड्याळाला चावी दिली, वेळ लावली आणि त्यांच्या हातात बांधलं. "बघा अण्णा, आता कसं झालंय."

त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. काचेवरून अंगठा फिरवला. चेहरा खुलला त्यांचा. "वा," म्हणाले, "आता कसं स्वच्छ दिसतंय. उगाच इतके दिवस थांबलो आपण." मग पुन्हा मनगट वर धरून म्हणाले, "पाच व्हायला आलेत. म्हणजे थेंबांना अजून तास आहे."

सहा वाजून दहा मिनिटं झाली होती, घड्याळाच्या नादात मी थेंब विसरलो होतो. बायको दारात उभी होती, तिने माझ्याकडे पाहिलं. हो म्हणावं तर थेंब चुकतात. नाही म्हणावं तर, एक मिनिट न चुकवता तीस वर्षं गाड्या सोडलेल्या माणसाला ते सांगायचं कसं? आणि मी, ज्याने जन्मभर या घड्याळांना कुणाला नावं ठेवू दिली नाहीत, तो मी म्हणालो, "अण्णा, हे मागे पडतंय बहुतेक. रंगवताना त्याने आत काहीतरी गडबड केलेली दिसते."

अण्णांनी हात खाली घेतला.

"माझ्या लग्नापासून हे घड्याळ एकदाही मागे पडलं नाही," ते म्हणाले. "त्याला कशाला दोष देतोस? त्या माणसालाही देऊ नको. मला दिसत नाही रे. आकडे कितीही मोठे काढलेस तरी आता नाही दिसत. किती वाजले ते सांग आणि थेंब घाल."

"सहा दहा," मी म्हटलं.

"मग उशीर केलास," अण्णा म्हणाले आणि त्यांनी मान मागे टाकली. बायकोने बाटली आणून माझ्या हातात दिली. पहिला थेंब त्यांच्या गालावर पडला. त्यांनी तो पुसला नाही, डोळा तसाच उघडा धरून ठेवला.